थोरलीचा बायोडेटा

थोरली परदेशात राहायची. तिने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना धाकट्या बहिणीला पाठवून दिला. द्यायच्या आधी आतलं पुसून टाकावं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

धाकटीच्या गल्लीतला तो पहिलाच कॉम्प्युटर. तिने तो पुढच्या खोलीत मांडला आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागली. वीज असली की दारात माणसं बसलेली असायची.

काही वर्षांनी थोरली माहेरी आली. गाडीतून उतरते न उतरते तोच शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं, "गुडघा काय म्हणतोय?"

"कुठला गुडघा?"

"डावा. एक्स-रे पाहिलाय ना आम्ही सगळ्यांनी. बराच झिजलाय."

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. धाकटी सामान उचलण्यात गर्क होती.

घरात गेल्यावर बाकीचं उलगडलं. थोरलीच्या नव्या स्वयंपाकघराचा रंग, नवऱ्याचं सुटलेलं पोट, सगळं गल्लीला तोंडपाठ होतं. तिचा जुना बायोडेटाही सापडला होता. धाकटीला आयता नमुनाच मिळाला. नाव, पत्ता, शिक्षण तेवढं बदलायचं. बाकीचं कशाला हलवा? त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक उमेदवाराला पोहण्याचा छंद होता. पोहण्याजोगं पाणी आसपास कुठेच नव्हतं.

"आणि नोकऱ्या लागल्या?"

"लागल्या की! कोपऱ्यावरच्या रखवालदाराला साहेबांनी विचारलं, एखादी शर्यत जिंकलायस का? तो म्हणाला, साहेब, भाग घेणं महत्त्वाचं."

थोरलीला हसू आलं नाही. "माझं घरदार चव्हाट्यावर मांडलंस तू!"

"तुझ्याकडे कॉम्प्युटर किती आहेत गं?"

थोरलीने मनात हिशेब केला. "पाच. माणसं चार."

"आमच्या अख्ख्या गल्लीत एक. त्यात तूही राहतेस, आम्हीही राहतो. जरा दाटी व्हायचीच."

थोरली पुसायलाच बसली. एक्स-रे गेला. नवऱ्याचं पोट गेलं. मग स्वयंपाकघर आलं.

"ते राहू दे," धाकटी म्हणाली. "आई आजारपणात रोज बघायची. म्हणायची, पोरीने फडताळं छान लावलीत."

आईच्या आजारपणात थोरलीला येता आलं नव्हतं. तिने फडताळं तशीच ठेवली. मग म्हणाली, "बाहेर कोण थांबलंय? बोलाव आत."

एक बाई आत आली. तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम हवं होतं. थोरलीने अर्ज स्वतः लिहायला घेतला, अगदी खराखुरा.

"छंद काय तुमचा?"

"म्हणजे?"

"काम आटपल्यावर काय आवडतं?"

बाईने विचार केला. "बसायला."

थोरलीने तसंच लिहिलं. नोकरी काही लागली नाही.

परत गेल्यावर थोरलीने घरात विचारलं, बहिणीला आणखी एक पाठवायचाय, कोण देतंय? नवऱ्याचा ऑफिसच्या कामाचा होता. मुलाचा अभ्यासाचा, लेकीचाही अभ्यासाचा. कपाटात वर्षभर धूळ खात पडलेला पाचवा तर ऐनवेळी लागतो म्हणे. शेवटी तिने स्वतःचाच पाठवला.

आता काही लिहायचं झालं की ती लेकीच्या खोलीशी जाते.

"देतेस का जरा?"

"थांब ना आई, माझं चाललंय."

थोरली दारात उभी राहते. तिला घाई असते. लेकीला नसते.