बांधाच्या आत

सायोकोने फोन ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. पूरपथकाचे प्रमुख कुवाबारा-सान घरोघरी फोन करून कोण कुठे आहे ते विचारत होते. सासरे मुळ्याच्या शेतात गेलेत, बांधाच्या आत, असं तिने सांगितलं. मग काळजी नाही म्हणत त्यांनी पुढचं घर घेतलं.

दुपारी वादळ धडकणार होतं. शेत होतं बांध आणि नदी यांच्या मधल्या मळईत, आणि अलीकडचा ओहळ सगळ्यांत आधी भरायचा. पण पथकाकडे नाव होती. काळजी नाही म्हणाले म्हणजे आणतीलच, असं सायोकोने धरून चाललं. तास उलटला, चहा दोनदा गरम झाला, तरी कोणी आलं नाही. तिचं चित्त थाऱ्यावर राहीना.

सासू तोमिए चटया माळ्यावर चढवून खाली आली.

"काय सांगितलंस त्यांना? शब्द न् शब्द सांग."

"बांधाच्या आत आहेत म्हणून."

तोमिएचा चेहरा उतरला.

"अगं डोंगरातल्या पोरी, आत म्हणजे आपण. नदी बाहेर."

या गावाला चहूबाजूंनी बांध. त्याच्या कड्यात राहतो तो आत, बाकी सगळं बाहेर, हे इथली पोरं चालायच्या आधी शिकतात. बांध नदीला घालतात, तेव्हा आत नदीच असणार, हा हिशेब तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या सायोकोचा.

तोमिएने फोन फिरवला. दोघी बांधावर धावल्या तेव्हा नाव निघाली होती. मुळ्याचा पाला बुडाला होता. म्हातारा अवजारांच्या खोपटावर चढून बसलेला सापडला. त्याला काठावर आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

कुवाबारा संतापले होते.

"आत आहेत असं कुणी सांगितलं? माणूस गेला असता."

सायोकोने तोंड उघडलं.

"मी," तोमिए म्हणाली. "घाईत जीभ घसरली."

फोनवरचा आवाज कुवाबारांनी स्वतः ऐकला होता. तोमिएचा जन्म याच कड्यातला, त्याला बहात्तर वर्षं झालेली. त्यांनी सायोकोकडे पाहिलं, मग टोपी काढून पाणी झटकलं.

"वय झालं तुमचं, तोमिए-सान."

"झालं खरं," ती म्हणाली, आणि नवऱ्याचा एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवून दुसरा तिने आपल्या खांद्यावर घेतला.