धुराचा भोंगा

आमचं घर वावरातच हाय, भीमपूरहून चार किलोमीटर आत. करंटचे खांब ओढ्यापाशीच थांबले, म्हून छपरावर सोलरची पाटी, खाली बॅटरी अन् इन्व्हर्टर. तेवढ्यात आमचं भागत व्हतं. पण आमची पोरगी प्रियदर्शनी ऐकते का? आदिलाबादले टीचर हाय ना ती! उन्हाळ्यात तिनं एक धुराचा भोंगा आणला, धूर लागला का आपोआप वाजणारा, मधल्या खोलीत छताले ठोकला, त्याचा वायर इन्व्हर्टरले जोडला. अन् जाता जाता मले बजावलं का घरात कापूस असते, इन्व्हर्टर कधीच बंद करायचा नाही.

कापूस असतेच. वेचून आणला का भाव येईपर्यंत त्याच खोलीत रास पडते, पार खिडकीपर्यंत. अन् त्याच खोलीत भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो. मेणबत्ती, अगरबत्ती लावून आमी वंदनेले बसलो का वरून भोंग्याचा ठणाणा सुरू. मेल्याले काही वेळकाळ समजते का? शेवटी मीच युक्ती काढली. वंदनेच्या आधी इन्व्हर्टरचं बटन बंद, वंदना झाली का चालू. पोरीले पत्ता लागू दिला नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत तिनं तिच्या चार वर्षांच्या पोरीले, अर्पिताले, आमच्यापाशी ठेवलं. पौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली, नात कापसावर लोळता लोळता तिथंच झोपली. आमचे हे, धोंडीबा, अंगणात बाजेवर आडवे झाले. मी टोपली घेतली अन् तुरीच्या शेंगा तोडायले गेली.

अर्धी टोपली भरली असन. एकदम आठवलं, मेणबत्ती जळतीच राह्यली. अन् बटन? बटनही बंदच!

टोपली तिथंच टाकली अन् पळत सुटली. नात कापसावर झोपली हाय, भोंगा बंद हाय, अन् तो मीच केला हाय, एवढंच डोक्यात घुमून राह्यलं व्हतं. लुगडं काट्यात अडकलं, फाटलं, मी थांबली नाही.

वावराच्या धुऱ्यापाशी, बांधावर पोचली तं घराकडून ठणाणा ऐकू आला. बटन बंद असताना भोंगा वाजून राह्यला व्हता. मले खरंच वाटेना.

अंगणात हे उभे व्हते, कडेवर अर्पिता, तिच्या केसाले कापूस चिकटलेला. भोंग्यानं यायले जाग आली, अन् यायनं धावत जाऊन आधी पोरीले बाहेर आणलं व्हतं. खिडकीच्या वाऱ्यानं मेणबत्ती पडली व्हती अन् राशीची कड धुमसत व्हती. जाळ नव्हता, नुसता धूर. दोन बादल्या पाणी ओतलं, जळका कापूस दाताळ्यानं ओढून बाहेर टाकला. मग मी अर्पिताले असं कवटाळलं का ती वैतागून म्हणे, आजी, सोड ना. मी काही सोडलं नाही.

प्रियदर्शनीले फोन लावला अन् रडत रडत सारं कबूल केलं, बटनाचंही.

"माय, मले माहीत व्हतं," मग ती म्हणाली. "दिवाळीत आली तवा वंदनेच्या वक्ताले बटन बंद दिसलं. म्हून राशीच्या मागं, फोटोपासून लांब, आढ्यावर दुसरा भोंगा लावला. सेलवाला. अगरबत्तीचा धूर तिथवर जात नाही. तुह्यी वंदनाही मोडू नाही अन् घरही राखलं जावं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं त्याचाही सेल तू काढला असता."

काढलाच असता. मले हसू आलं अन् डोळेही पुन्हा भरून आले. जिले लहानपणी बोट धरून ओढा पार करवला, ती पोरगी माह्या हट्टाच्याही मागं उभी व्हती.

त्याच दिवशी फोटो बाहेरच्या पडवीत लावले. बटन चालू केलं अन् त्याच्यावर चिकटपट्टी मारली. मग बादली भरून शेजारी ठेवली अन् जळती अगरबत्ती जुन्या भोंग्याखाली धरली. मेला असा ठणाणला का यायनं दोनी कानावर हात ठेवले. मी मात्र तिथंच उभी राह्यली. म्हटलं, वाज रे बाबा, पोटभर वाज.