दोनशे सतरा नंबरचं खातं

हेप्झिबा रोहेकर यांनी पनवेलच्या आपल्या घरातला कॉम्प्युटर क्लास बंद केला, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. क्लासचं मुख्य मशीन मात्र मागच्या खोलीत चादरीखाली तसंच होतं. आता मुलगा रुबेन त्यांना कायमचं इस्राएलला घेऊन चालला होता, त्यामुळे ते कुणाला तरी देणं भाग होतं.

कामोठ्याचे चारुदत्त टिपणीस टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. जुनी मशीन जमवून चालू करायची, हा त्यांचा नाद; हे घ्यायला तेच आले. त्यांनी धूळ काढली, एक वायर बदलली, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"मॅडम, यात विद्यार्थ्यांची अडतीस खाती आहेत अजून. पुसून देताय की तशीच?"

"पुसायची नाहीत. आधी प्रत्येकाच्या फाइली काढून घेऊ. ज्याचं त्याला देऊ."

त्यांच्या क्लासमध्ये एका मशीनला चार टर्मिनल, म्हणजे चार पडदे-कीबोर्ड, जोडलेले असत. प्रत्येक मुलामुलीचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. मॅडमना सगळ्यांची खाती उघडता यायची, पण त्यांनी कुणाचं उघडून वाचलं नव्हतं. आताही त्या न वाचताच फाइली उतरवून घेत होत्या आणि जुन्या वहीतले नंबर शोधून एकेकाला फोन करत होत्या.

आठवड्याभरात अडतीस झाली. मग त्यांनी कपाटातून फ्लॉपींचा एक डबा काढला.

"एक राहिलंय. जनीचं."

जनी उरणच्या वाटेवरच्या एका मिठागरवाल्यांच्या गावातून यायची. एकोणीस वर्षांची, अबोल, बोटांनी फार चपळ. एका रविवारी मॅडमनी मशीनवर जागा करायला म्हणून जुन्या बॅचच्या फाइली पुसल्या. सोमवारी दुपारी पाहतात तर जनीचंही खातं रिकामं. परीक्षा पंधरा दिवसांवर आणि तिचा सगळा प्रोजेक्ट त्यात. शनिवारचा बॅकअप होता, पण ती फ्लॉपी काही केल्या वाचली जाईना. बाकीच्या मुली म्हणाल्या, जनी सकाळी येऊन दहा मिनिटं बसली आणि गेली. ती पुन्हा आलीच नाही. पुढे कळलं, तिचं लग्न झालं.

"माझ्या हातून तिचं काम गेलं," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा दिली असती तर निदान सर्टिफिकेट तरी राहिलं असतं तिच्याकडे."

चारुदत्तांनी घरून आपला फ्लॉपी ड्राइव्ह आणला, स्पिरिटनं साफ केला, मशीनला जोडला. पहिल्या दोन वेळा नुसती खरखर झाली. तिसऱ्यांदा फाइलींची नावं सरसर खाली उतरली. अकरा होत्या. फाइल कुणाची हे दाखवणाऱ्या जागी मात्र नाव दिसेना, फक्त आकडा होता: २१७. जनीचं खातं मॅडमनी पुढच्या वर्षी काढून टाकलं होतं, त्यामुळे मशीनला तिचं नाव ठाऊकच नव्हतं.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. त्याच नंबरचं नवं खातं उघडलं, नाव दिलं 'जनी'. पुन्हा यादी काढली. अकराही फाइलींपुढे तिचं नाव आलं होतं.

"जनी म्हणजे आमच्या गावातल्या जनीताई तर नव्हेत?" चारुदत्त म्हणाले. "मिरची-मसाला कुटून द्यायचा डंका आहे त्यांचा. माहेर उरणकडचंच."

तीच निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. अंगाला मिरचीचा वास, हातात मसाल्याची पिशवी. तिनं मॅडमच्या पायाला हात लावला. मॅडमनी तिला उठवलं आणि बसायच्या आधीच जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते बोलून टाकलं. चूक माझी होती, माफ कर, म्हणाल्या.

जनीनं मसाल्याची पिशवी टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी नाय पुसलं. ते मीच पुसलं व्हतं."

"तू?"

"सोमवारी सकाळी येऊन. सगळंच पुसलं."

मॅडम खाली बसल्या. जनीनं टर्मिनलवरून धुळीचा राहिलेला कण बोटानं टिपला.

"उघडून बघितलंत काय तुमी?"

"नाही. तुझं आहे ते."

मग जनीनंच उघडलं. शेवटची फाइल शनिवारची होती. त्या मशीनवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. ती अडखळत वाचायला लागली.

"मॅडम, माजं लगीन ठरलंय. परीक्षेला बसू नाय देत. तुमी एकदा बाबांशी बोलाल काय?"

एवढंच होतं. जनीनं पदरानं चष्मा पुसला.

"सोमवारी तुमाला दाखवणार व्हते. पन रविवारभर इचार केला, मॅडम. तुमी आला असतात आमच्या घरी. बाबा तेव्हा फार तापट. तुमाला दारातूनच काय काय बोलले असते. ते मला बघवलं नसतं. म्हणून सोमवारी येऊन पुसलं. नुसती चिठ्ठी पुसायची व्हती, घाईत सगळंच गेलं." ती मॅडमकडे वळली. "आला असतात ना?"

"आले असते," मॅडम म्हणाल्या. "बोलणी खाऊनही आले असते."

"ठाव हाय मला."

चारुदत्त उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी स्वतःच चहा टाकला.

मॅडमनी जनीचा हात हातात घेतला. तळवा मसाल्यानं पिवळसर झालेला, खरखरीत. "सुखात आहेस ना?"

"हाय. नवरा चांगला मिळाला. डंका माज्याच नावावर हाय. पोरगी इंजिनेर झाली." मग जरा हसून म्हणाली, "तिला मी कायम सांगते, कॉम्प्युटर तुज्या आधी मी शिकलेय. तिला खरं वाटत नाय."

"मग तिला घेऊन ये उद्या. दाखव."

जनीनं मान हलवली. फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, चिठ्ठीसुद्धा. चारुदत्तांनी चहा आणून ठेवला तेव्हा ती पदर खोचून मॅडमच्या कपबश्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि मॅडम खोक्यावर नाव घालत बाबांच्या तापटपणाच्या गोष्टी ऐकत होत्या.