दिवेलागणीचं पाणी

सोलापुरात मंगळवार पेठेच्या मागच्या बोळात सिद्धप्पा लोहाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक पडवी, तिच्यात भट्टी, भाता, पाण्याची दगडी डोण आणि बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण. मागं एक खोली, तिच्यात संसार. सिद्धप्पाच्या सुरीला धनगरांत मोठा मान होता. मेंढीचं खूर साळायचं असो की एडक्याचं वाढलेलं शिंग कापायचं असो, माणसं सांगोल्याकडून चालत येत आणि त्याचीच सुरी नेत.

लोहाराच्या घरची एक रीत असते. सांडशी आणि हातोडी गड्याची, घण बाईचा. गडी सांडशीत तापलं लोखंड धरतो, हातोडीनं टिक् करून जागा दाखवतो, आणि बाई त्या जागी घण घालते. घाम सगळा घणाचा, नाव सगळं हातोडीचं. संसाराचंही बहुतेक असंच चालतं, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटत नाही. खंडेनवमीला हत्यारं पुजतात तेव्हाही हळदकुंकू आधी सांडशीला, मग हातोडीला, आणि ताटात काही उरलंसुरलं तर घणाला. सिद्धप्पाची बायको गोजाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून घण घालत होती. दोन लेकी झाल्या, नांदायला गेल्या, घण काही सुटला नाही.

सिद्धप्पाचा एक डोळा तरणेपणीच ठिणगीनं गेला होता. दुसऱ्यात फूल पडलं आणि वाढत गेलं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, अंगारे झाले. पावसाळा निम्मा सरेपर्यंत त्याला हात धरून परसाकडं न्यायची वेळ आली. भट्टी थंडावली. ऐरणीवर शेजारची मांजर झोपायला लागली.

पितृपंधरवड्यात सिद्धप्पाचा चुलतभाऊ ग्यानबा वैरागहून बैलगाडी घेऊन आला. तोही लोहारच, पण नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करणारा. आला तो चहा पिऊन झाल्यावर ऐरणीवरनं हात फिरवत बसला.

"दादा," तो म्हणाला, "आज्याची ऐरण हाय. जो चालवील त्याच्याकडं ती, असं आज्याच बोलून गेला. मी काय इकून खानार न्हाय. पर ऐरण उपाशी ठिवू नये."

ग्यानबा खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. खोटं बोलणाऱ्याला निदान शिवी तरी देता येते.

गोजाबाई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "खंडेनवमीला या. तवर ह्या ऐरणीवर सुरी झाली तर ऐरण हितंच ऱ्हाईल. न्हाय झाली तर गाडीत घाला."

"सुरी? कोन करनार?"

"मी."

ग्यानबाला हसू आलं. "वैनी, घण घालनं येगळं, सुरी करनं येगळं."

"व्हय की. म्हून तर शिकायची हाय."

"आन् सुरी हाय का पत्रा हाय, ठरवनार कोन?"

"बिरप्पा धनगर. दसऱ्याला मेंढरं घिऊन निगायच्या आदी तो सुरी न्यायाला येतोच. त्यानं कमरंला लावली तर ती सुरी."

ग्यानबा कबूल झाला. त्याला ऐरण मिळाल्यासारखीच वाटली असणार.

तो गेल्यावर सिद्धप्पा दोन दिवस बायकोशी बोलला नाही. "मला इचारलंस का?" एवढंच म्हणाला. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मांजर हाकलली, भट्टी पेटवली आणि मिलच्या भंगारातल्या दोनतीन झिजलेल्या कानसींतली एक निखाऱ्यात घातली. सुरीसाठी याहून चांगलं पोलाद नाही. भाता फुसफुसायला लागला तशी सिद्धप्पाला आत बसवेना. तो चाचपडत बाहेर आला आणि भात्याची दोरी तिच्या हातातून ओढून घेतली.

"लोखंड जाळतीस. असं वडत्यात व्हय?"

म्हणजे शिकवणं सुरू झालं.

इतकी वर्षं शेजारी उभी राहिलेली बाई, तिला येईलच, असं आपल्याला वाटेल. तिलाही वाटलं होतं. पण घण घालणाऱ्याची नजर हातोडी पडते तेवढ्या तुकड्यावर असते. बाकीचं पातं सांडशीत कसं फिरतं, कधी उलटतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी सांडशी इतकी आवळून धरली की संध्याकाळी भाकरी थापताना बोटं सरळ होईनात. धारेच्या बाजूनं ठोकलं की पातं पसरतं आणि पाठीकडं वाकतं. तिचं पातं केळ्यासारखं वळलं.

"आदी उलटं वाकवून घ्यायचं असतंय," सिद्धप्पा म्हणाला. "मग ठोकताना आपसूक सरळ हुतं."

"मग आदी सांगायचं हुतं."

"आदी सांगून कुनाला कळतंय?"

आणखी मोठी अडचण घणाची. तिच्या हातात सांडशी आणि हातोडी आल्यावर घण घालणार कोण? लोहाराच्या गड्यानं घण घालायचा आणि बाईनं जागा दाखवायची, हे त्या बोळात कुणी पाहिलं नव्हतं. सिद्धप्पानं लाज बाजूला ठेवली असं म्हणता येणार नाही. त्यानं पडवीला पुढून एक गोणपाट टांगायला लावलं आणि मग घण उचलला.

हातोडीचा टिक् ऐकून तो त्या आवाजावर घण टाकायचा. कान तयार होता, थोड्या वेळात घाव जागेवर पडायला लागले. पण लोहाराची एक खूण असते. थांबायचं असलं की हातोडी लोखंडावर न मारता मोकळ्या ऐरणीवर वाजवायची. गोजाबाईनं ती खूण जन्मभर ऐकली होती, कधी दिली नव्हती. पात्याचं टोक उत्तम उतरलं, ती खूश होऊन बघत राहिली, आणि थांब कुणी सांगितलंच नाही म्हणून सिद्धप्पानं आणखी एक घाव घातला. टोकाचा पापड झाला.

"खून कोन देनार? माजा बा?" तो ओरडला.

गोजाबाई आधी चिडली, मग तिला हसू फुटलं. त्यालाही आवरलं नाही. गोणपाटापलीकडून शेजारची काशम्मा बांगडीवाली विचारत होती, काय झालं म्हणून. डोळे गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच हसली होती.

घटस्थापना आली. घट वैरागला थोरल्या घरी, ग्यानबाकडं बसायचा. इथं आपला रोजचा देवापुढचा दिवा. तोवर गोजाबाईच्या हातानं पातं घडायला लागलं होतं. टोक जरा जाड राहायचं, पण सुरीसारखी सुरी दिसायची. आता राहिलं होतं पाणी पाजणं. घडलेलं पातं तापवून पाण्यात बुडवायचं, की ते कडक होतं आणि धार धरतं. कमी तापलं तर मऊ राहतं, जास्त तापलं तर फुटतं. सगळा खेळ रंगाचा.

"गुंज लाल असती तसा आदी," सिद्धप्पा सांगायचा. "मग डाळिंबाचा दाना. तिथंच काडायचं. झेंडू झाला की गेलं."

आणि वेळ दिवेलागणीची. त्याचा बाप त्याच वेळेला पाणी पाजायचा, म्हणून तोही पाजायचा. लक्ष्मीची वेळ, दुसरं काय.

पाचव्या माळेला गोजाबाईनं पहिलं पातं पाणी पाजायला घेतलं. आधी आत जाऊन देवापुढं दिवा लावला. मग वाटलं, आपल्या हातची पहिली सुरी, भट्टीपाशीही एक दिवली असावी. ती कट्ट्यावर ठेवली, हात जोडले, रंग बघितला, डाळिंबाचा दाणा झाला तसं पातं डोणीत घातलं. चुर्र झालं आणि त्याच्या पोटात एक बारीक टिण्.

"फुटली," सिद्धप्पा म्हणाला. "रंग कसला हुता?"

"डाळिंबाचा."

"डाळिंबाचा असता तर फुटली नसती."

"मी काय आंधळी हाय?" ती बोलून गेली.

सहाव्या माळेला तेच. तसाच रंग, तसंच टिण्. कानसी संपत आल्या. एका पात्याचा तुकडा उरला. गोजाबाईला पहिल्यांदा भीती वाटली. दुकान गेलं तर पोट कसंही भरेल, मिलमध्ये जाता येईल. पण ऐरण गाडीत चढताना हा माणूस बसल्या जागी ऐकेल, आणि त्या दिवसानंतर तो उठणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

सातव्या माळेला तिनं शेवटचं पातं घडवलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी दिवली आणून कट्ट्यावर ठेवली. सिद्धप्पा भात्याशी बसला होता. त्यानं नाक वर केलं.

"हितं करडीच्या त्येलाचा वास का यितुया?"

"दिवा लावलाय की."

"कुटं?"

"हितंच, कट्ट्यावर. रोजच लावते पाजताना."

सिद्धप्पानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, दिव्याच्या उजेडात लोखंडाचा रंग मरतुया! तुला डाळिंब दिसतंय तवा त्याचा झेंडू झालेला असतुया. रंग बगायचा तर अंदार लागतुया, काळोख न्हवं, सांजचा अंदार." तो थांबला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आरं, म्हून बा त्या वक्ताला पाजायचा."

"मला काय ठावं?" गोजाबाईचा आवाज चढला. "त्या वक्ताला मी कुटं असायची? आत. दिवा लावीत. तुमी कंदी पानी पाजलं आन् मी बगितलं?"

खरंच होतं ते. दिवसभर दोघं एका ऐरणीला, आणि रोज त्या एका घटकेला ती आत दिवा लावायला जायची तेव्हाच तो बाहेर सुरीला पाणी पाजायचा. कुणी कुणापासून काही लपवलं नव्हतं. तरी इतकी वर्षं सुरीचा जीव तिच्या पाठीमागं घातला जात होता. तिला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. त्या दिवशी तिनं पातं निखाऱ्यात घातलंच नाही. बाजूला ठेवून दिलं.

आठव्या माळेला मिलचा भोंगा झाला आणि पडवीत अंधारून आलं. निखारे लाल, पातं त्यांच्यात. आणि गोजाबाईचे पाय सवयीनं आत वळले.

"कुटं निगालीस?"

"दिवा लावते न् आले. देव अंदारात ठिवायचा?"

"तू हितं थांब."

सिद्धप्पा उठला. भिंतीला हात लावत खोलीच्या दाराकडं गेला. जन्मात त्यानं कधी देवापुढं दिवा लावला नव्हता.

"अवं, रंग कोन सांगनार मला?"

"मला काय दिसतंय? तुला दिसतंय. तूच बग." आणि तो आत गेला.

गोजाबाई एकटी राहिली. तिनं भाता दोनदा हलका ओढला. पातं काळंच होतं, मग कडेला गुंज उगवली. आतून काड्या ओढल्याचा आवाज येत होता, एक, पुन्हा एक, मग एक शिवी. गुंज पसरली, गडद झाली, आणि मग आतून उजळल्यासारखा तो रंग आला. डाळिंबाचा दाणा. आपण त्या दोन संध्याकाळी ज्याला डाळिंब म्हणत होतो ते काय होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं पातं उचललं आणि सरळ डोणीत उतरवलं.

चुर्र झालं. ती कान देऊन उभी राहिली. टिण् आला नाही.

"फुटली का गं?" आतून आवाज आला.

"न्हाय," ती म्हणाली, "न्हाय फुटली," आणि पदर डोळ्याला लावला.

मग सिद्धप्पानं बाहेर येऊन, पाण्यानं आलेला ठिसूळपणा जावा म्हणून, पातं गरम राखेत निजवलं. त्याच्यावर थुंकीचा थेंब टाकून तो कसा तडतडतो ते ऐकत बसला, कारण हे काम कानाचं होतं आणि ते त्याला अजून येत होतं. गोजाबाई आत गेली. देवापुढं तेल सांडलेलं, काड्या इतस्ततः, आणि दिव्याची वात दक्षिणेकडं तोंड करून जळत होती. तसा दिवा फक्त मेलेल्या माणसासाठी लावतात. तिनं फिरवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. देवाला उजेड मिळाल्याशी कारण.

खंडेनवमीला सकाळीच ग्यानबाची गाडी बोळात उभी राहिली. गाडीत कडबा अंथरलेला, दोरखंड तयार. थोड्या वेळानं बिरप्पा धनगर एक एडका घेऊन आला. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. सिद्धप्पानं मूठ बसवलेली सुरी त्याच्या हातात दिली.

बिरप्पानं पातं उन्हात धरलं, अंगठा फिरवला, गुडघ्यावर वाकवून सोडलं. ते सरळ झालं. एडक्याला खाली पाडून त्यानं शिंगाचं टोक कापलं, मग चारी खुरं साळली. पुन्हा धार उन्हात धरून डोळ्याजवळ नेली. कुठं खांड पडली नव्हती.

"सिद्दप्पा," तो म्हणाला, "ह्ये तुजं काम न्हाय."

ग्यानबा गाडीवरून खाली उतरला.

"धार तुज्यावानीच हाय," बिरप्पा म्हणाला. "पर नाक जाड हाय. कुनी केली?"

"मी," गोजाबाई म्हणाली.

बिरप्पानं तिच्याकडं एकदा पाहिलं, सुरीकडं एकदा. "मग फुडल्या डावाला नाक बारीक काड," तो म्हणाला आणि सुरी कमरेला खोवली.

ग्यानबानं दोरखंड गुंडाळला. माणूस वाईट नव्हता. घरच्या पूजेसाठी घेतलेला नारळ त्यानं गाडीतून काढून ऐरणीपाशी ठेवला.

"पूजा करा आता," तो म्हणाला. "कोन करनार?"

पूजा सांडशी धरणाऱ्यानं करायची असते. सिद्धप्पानं चाचपून सांडशी उचलली आणि गोजाबाई होती तिकडं धरली. तिनं घेतल्यावर तो ऐरणीला वळसा घालून पलीकडं, घणाच्या बाजूला जाऊन बसला. पुढचं गोणपाट त्यानं सकाळीच काढायला लावलं होतं.

गोजाबाईनं ताट हातात घेतलं. ताट भरलेलं होतं. तिनं हळदकुंकवाचं बोट आधी घणाला लावलं.