मधली मोकळी जागा

जुन्या चर्चचं कलाकेंद्र होणार होतं. बाकं काढून झाली होती आणि दिवे कुठे लावायचे हे ठरवायचं काम थोरलीच्या, म्हणजे घरातल्या इंजिनिअर लेकीच्या गळ्यात पडलं होतं. शंभर वर्षांच्या लाकडी छताला एकदा भोक पाडलं की पाडलं. नकाशात तिने सगळे दिवे मधोमध काढले होते.

नाचणारे उजेडात येतात ना, याची खात्री करायला तिने आईच्या नाचाच्या वर्गाला बोलावलं. अठरा बायका आल्या. नऊ डावीकडे, नऊ उजवीकडे उभ्या राहिल्या. मध्ये दीड मीटर जागा मोकळी.

"आई, मध्ये या की सगळ्या!"

"अगं, वाटेत कसं उभं राहायचं?"

"कसली वाट? दोन्हीकडची बाकं गेली ना?"

"गेली की," आई म्हणाली आणि जागची हलली नाही.

इतक्या वर्षांची चर्चमधली सवय असेल, अशी थोरलीने मनाची समजूत घातली. बायका पाणी प्यायला बाहेर गेल्या. वायरमनला शिडी डावीकडून उजवीकडच्या भिंतीशी न्यायची होती. तो कालच परगावाहून आला होता, बाकं त्याने पाहिलीच नव्हती. तरी रिकाम्या हॉलला कडेकडेने अख्खा वळसा घालून गेला.

"दादा, मधून सरळ का नाही गेलात?"

त्याने शिडीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काय की, ताई. तुम्ही विचारल्यावर मलाच कळेना. भोकं कुठे पाडू, तेवढं सांगा."

थोरलीची मती गुंग झाली. तिने नकाशावरचे दिवे खोडले. "दोन्ही कडांना."

"आणि मध्ये?"

"मध्ये नको. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही."