फादर सेब्रियान यांच्या रेघा

माद्रिदला राजा परतला आणि त्याच्या मागोमाग घरोघर नाक खुपसणारे धर्मगुरूही परतले. त्यातलेच फादर सेब्रियान सकाळी हवालदाराला घेऊन लेआंद्रोच्या दारात उभे राहिले. ओठांना अजून चॉकलेट होतं.

लेआंद्रो तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चित्र कोरायचा, ते तेजाबात खोल करायचा आणि त्याचे ठसे विकायचा. नव्या पत्र्यावर झगा घातलेलं एक लठ्ठ गाढव मेंढरांना उपदेश करत होतं. सगळा हिवाळा त्यात गेला होता. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. आता ते मोडायचा हुकूम आला होता.

"हे गाढव मी नाही," फादर आल्या आल्या म्हणाले.

"तुम्ही आहात असं कोण म्हणतंय?" लेआंद्रोची बायको कासिल्दा म्हणाली.

"सगळं गाव! मी धर्माच्या अब्रूसाठी आलोय. पत्रा बाद कर."

बाद करायचा म्हणजे पत्र्यावर दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि एक ठसा काढून साक्षीदाराला दाखवायचा, असा धंद्यातला रिवाज. लेआंद्रोनं सुई उचलली. फादरनी ती हिसकावली.

"तू हळूच ओढशील, लबाडा!"

आणि त्यांनी स्वतः ओढल्या. वरून खाली, एकीशेजारी एक, पोटातलं सगळं विष मनगटात आणून. लेआंद्रोला त्यांचं नरडं धरावंसं वाटलं. दात आवळून त्यानं पत्र्याला शाई लावली, पुसली, छापयंत्राचं चाक फिरवलं.

ओला कागद उचलला. गाढव जागच्या जागी होतं, फक्त आता जाडजूड गजांआड.

हवालदार खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

"पूस त्या रेघा!"

"खरवडतो की. पण मग गाढव सुटतं, फादर."

"मग वितळवा पत्रा!"

"सरकारी भट्टीत न्यावा लागेल," हवालदार म्हणाला. "तिथं विचारतील, गाढव कोण? काय सांगू?"

फादरनी ठसा हातात घेतला.

"बाद झालाय तो," ते शेवटी म्हणाले. "मी स्वतः केलाय."

ठशाची घडी करून त्यांनी झग्यात कोंबली. शाई ओली आहे हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

ते जिना उतरेपर्यंत कासिल्दानं छपाईचे कागद भिजवायला घेतले होते.

"अगं, बाद पत्रा आहे," लेआंद्रो म्हणाला.

"मग? बाद म्हणूनच विकू."