मेहनाजच्या हातांनी वाचलेले पुस्तक

मी एक जुने पुस्तक आहे. माझे पिवळे मुखपृष्ठ आता मळके झाले आहे आणि मधली काही पाने इतकी मऊ पडली आहेत, की उलटताना आवाजही करत नाहीत. मित्रांनो, पुस्तके नेहमी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतात. आज माझी स्वतःची ऐका.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला लिहिले. अणूच्या आत काय चालते, जाणीव म्हणजे काय, मेंदू शिकतो कसा आणि हे सारे वाचून माणूस स्वतःला घडवू शकतो का, हे माझे विषय. छापखान्यात माझे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडले, दोऱ्याने शिवले, खळ लावून पुठ्ठ्यात बसवले. मुखपृष्ठावर एक डोके आणि त्याभोवती फिरणारे कण काढले होते. ते चित्र पाहून लोक मला हातात घेत, दोन पाने चाळत आणि परत ठेवत.

शेवटी मला श्यामकांतभाऊंनी विकत घेतले. ते सौदी अरेबियात, कतीफ गावच्या एका छोट्या खासगी इस्पितळात औषधे देण्याचे काम करत आणि सुट्टी संपवून परत निघाले होते. धाहरानच्या विमानतळावर तपासणी अधिकाऱ्याने मला पानापानाने चाळले. मेंदूच्या आकृतीवर तो थांबला. "डॉक्टर?" त्याने विचारले. श्यामकांतभाऊंनी मान डोलावली आणि मी देशात शिरले.

भाऊंनी माझे एकच प्रकरण वाचले, क्वांटमचे. तिथे एक वाक्य ठळक अक्षरांत होते: 'पाहणाऱ्यामुळे पाहिलेले बदलते.' त्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली आणि मला औषधांच्या खोक्यांमागे ठेवून दिले. तिथे मी धूळ खात पडले. खोकल्याच्या औषधाला माझ्यापेक्षा जास्त मान होता.

मग इराकने कुवेत घेतले आणि हिवाळ्यात लढाई पेटली. कतीफवर सायरन वाजू लागले. क्षेपणास्त्र येत असले की तो आवाज खाली उतरे, वर चढे, पुन्हा उतरे. इस्पितळाच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. विषारी वायूच्या भीतीने प्रत्येकाला तोंडावर चढवायचा मास्क मिळाला आणि सायरन वाजताच जाऊन बसायला एक खोली फटी बुजवून बंद केली गेली.

रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावची मेहनाज तिथे रक्ततपासणी करत असे. रोग्याचे रक्त आणि द्यायचे रक्त जुळते का, हे काचेच्या नळीत पाहायचे तिचे काम. चुकीचे रक्त दिले तर माणूस दगावतो, म्हणून त्या टेबलावर हात स्थिर लागतात. तिचे होते. पण पहिला सायरन वाजला आणि ते हात जागच्या जागी गोठले. नळी सुटली, फुटली. रोग्याचे रक्त पुन्हा काढावे लागले आणि विभागप्रमुख मुस्तफांनी तपासणी स्वतः केली.

मुस्तफा इजिप्तचे होते. माणूस वाईट नव्हता, पण टेबलाच्या बाबतीत कडक होता. "पुन्हा असे झाले तर खलास," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "पुढच्या विमानाने तुला घरी पाठवीन. मला राग नाही. पण इथे रोगी आहेत."

आपल्या गावातून विज्ञान शिकून बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. घाबरून परत आली, हे तिला ऐकायचे नव्हते. त्याहून जास्त, ते टेबल तिला सोडायचे नव्हते.

श्यामकांतभाऊंना तिची दया आली. त्यांनी मला खोक्यांमागून काढले, फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरले. "हे वाच. सगळं मनात असतं बघ. तू मनानं ठरव, सायरन वाजणारच नाही."

"भाऊ, मग तुम्हीच ठरवा ना. सगळ्या कतीफचं भलं होईल," मेहनाज म्हणाली. पण तिने मला घेतले. बुडत्याला जे हाती लागेल ते, अशी तिची गत झाली होती.

तिने लाल रेघेचे वाक्य वाचले आणि जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून बसू लागली. आकाश स्वच्छ आहे, आवाज नाही, असे चित्र ती मन लावून पाहत असे. मी मनातून फुलून गेले होते. इतक्या निष्ठेने मला कोणी वाचले नव्हते.

दोन दिवसांनी सायरन वाजला. सुदैवाने टेबलावर रोग्याचे रक्त नव्हते, नुसते सरावाचे होते, आणि मुस्तफा बाहेर होते. तिचे हात पुन्हा गोठले. तिने मला उचलले आणि भिंतीवर फेकून मारले.

मित्रांनो, मार लागला तो पाठीला, पण वर्मी बसला. कारण चूक माझीही होती. ते वाक्य मी ठळक छापले होते आणि त्याचा अर्थ बारीक अक्षरांत, पुढच्या पानावर.

मला उचलले ते रेखाताईंनी. त्या साताऱ्याकडच्या, प्रसूती विभागातल्या नर्स, निवासात मेहनाजच्याच खोलीत राहणाऱ्या. त्यांनी ते पुढचे पान मोठ्याने वाचले. अणूच्या जगात पाहणे म्हणजे मोजणे. मोजायला यंत्र लागते, इच्छा नव्हे.

मेहनाजने ते पान स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाली, "एवढं मला कळायला हवं होतं, ताई. मी रोज यंत्रानं मोजते. रक्त जुळावं म्हणून दुआ मागत नाही, जुळतं का ते बघते."

"अगं, मग मागचं वाच की. मेंदूचं. भाऊंनी तिथपर्यंत हातच लावलेला नाही. पानं अजून नवी करकरीत आहेत."

ते माझे सगळ्यात रुक्ष प्रकरण. त्यात ठळक वाक्य एकही नाही. तिथे इतकेच लिहिले आहे, की मेंदूच्या खोल भागात भीतीचे एक छोटे केंद्र असते. धोक्याचा आवाज विचाराच्या आधी तिथे पोचतो आणि हातपाय अडवून धरतो. 'घाबरू नकोस' असे सांगून ते ऐकत नाही. ते फक्त अनुभवाने शिकते, तेही थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. आवाज आणि हाताचे काम यांची जोडी सुरक्षित जागी बांधावी. श्वास सावकाश सोडावा. पुढची एकच कृती मोठ्याने बोलावी आणि करावी.

मेहनाजने पेन्सिलीने समासात लिहिले: 'तपासून पाहणे.'

दुसऱ्या दिवसापासून निवासाच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू झाला. नळीत रक्ताऐवजी चहाचे पाणी. सायरनऐवजी रेखाताई. आधी हळू, मग पोटातून जोर लावून त्या असा सूर काढत, की तो वर जाई आणि घसरत खाली येई.

पहिल्याच वेळी स्वयंपाक करणारी मुन्नी तोंडावर उलटा मास्क चढवून, पिठाच्या हातांनी धावत आली. "कौन चिल्ला रहा है, दीदी?"

"मैं हूँ. तुम रोटी देखो, जल रही है."

"इससे तो असली वाला अच्छा था," असे म्हणत मुन्नी परत गेली.

मेहनाज हसली आणि हसता हसता चहा सांडला. पण ती थांबली नाही. श्वास सोडायचा. बोलायचे, "नळी उचल." उचलायची. बोलायचे, "दोन थेंब." घालायचे. कधी हात थरथरत, कधी नाही. चहाचे डाग माझ्या पानांवर उडाले. ते आजही आहेत आणि मला ते नक्षीसारखे वाटतात.

खरे सायरनही अधूनमधून वाजत. ते वाजले की बंद खोलीत बसून ती मांडीवरच बोटे चालवी आणि पुटपुटे. शेजारी बसलेले श्यामकांतभाऊ म्हणाले, "जपमाळ ओढतेयस का काय?"

"सराव करतेय, भाऊ."

"आणि ते क्वांटम?"

"ते अणूंकडेच राहू द्या. ते बिचारे तिथे सुखी आहेत."

मग ती संध्याकाळ आली. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर वाऱ्याने दक्षिणेला आणला होता आणि सूर्य मावळण्याआधीच दिवे लावावे लागले. प्रसूती विभागातून रेखाताई स्वतः धावत आल्या. कतीफचीच एक बाई, बाळ सुखरूप झाले होते, पण रक्तस्राव थांबत नव्हता. "मेहनाज, लवकर. तिच्याकडे वेळ नाही."

मी टेबलावरच्या फळीवर होते. नमुना नळीत गेला आणि सायरन सुरू झाला.

दिवे लुकलुकले. लोक बंद खोलीकडे पळाले. मुस्तफा तिच्याशेजारीच उभे होते. "दे, मी करतो," म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि तो हात थरथरत होता. मेहनाजने तो पाहिला. तिने श्वास सोडला, इतका सावकाश, की माझे पान हलले.

"नळी उचल," ती मराठीत, मोठ्याने म्हणाली. हाताने नळी उचलली.

"दोन थेंब." थेंब पडले, मोजून दोन.

"गरम पाण्यात ठेव." ठेवली. बाहेर आवाज वर चढत होता, खाली उतरत होता. दूर कुठेतरी स्फोट झाला, काचा थरारल्या. हात एक क्षण थांबला. मी श्वास रोखला, पुस्तकाला रोखता येतो तेवढा.

"यंत्रात घाल. फिरव. आता बघ."

तिने नळी दिव्यासमोर धरून हलकेच तिरपी केली. गुठळी नव्हती. रक्त जुळले होते. मग रक्ताची दुसरी पिशवी, तीच कृती, तेच शब्द. तीही जुळली. मुस्तफांनी नळ्या पुन्हा तपासल्या, मान हलवली आणि पिशव्या रेखाताईंच्या हाती दिल्या. "यल्ला," ते अरबीत म्हणाले, चला. रेखाताई धावल्या.

धोका टळल्याचा लांब, सरळ सूर वाजला तेव्हा रेखाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "रक्त थांबलं. बाई बोलतेय. मुलाला मागतेय."

मेहनाज खुर्चीत बसली आणि मनसोक्त रडली. हात मात्र टेबलावर स्थिर होते. मुस्तफांनी तिच्यापुढे साखर घातलेला चहा ठेवला आणि विचारले, "तू सारखे काय बोलत होतीस?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले. त्यांना मराठी येत नव्हते. मग रोज चहाच्या वेळी ती माझे रुक्ष प्रकरण त्यांना समजावून सांगू लागली. ऐकायला आणखी माणसे जमली. श्यामकांतभाऊही आले आणि ज्या पानांना त्यांनी कधी हात लावला नव्हता, ती लक्ष देऊन ऐकू लागले.

लढाई संपायच्या सुमारास एकदा सायरन वाजला, तेव्हा त्या खोलीत कोणीही पळाले नाही, कोणीही गोठले नाही. मुस्तफा अरबीत म्हणाले, बाटली बंद कर. केरळचा एक तंत्रज्ञ मल्याळममध्ये बोलला, श्यामकांतभाऊ मराठीत. प्रत्येक जण आपापल्या भाषेत पुढचे एक काम मोठ्याने सांगत होता आणि ते करून शांतपणे बंद खोलीकडे जात होता. बाहेरचा भोंगा त्या बोलण्यात बुडून गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले, की आपण छापले कशासाठी गेलो.

मेहनाज त्या टेबलावर आणखी कित्येक वर्षे राहिली. आता ती रत्नागिरीत नव्या मुलींना रक्त जुळवायला शिकवते आणि मी तिच्या वर्गातल्या उघड्या फळीवर असते; ती जागा कुठल्याही कपाटापेक्षा मला प्रिय आहे.

मित्रांनो, पुस्तकांना जपा. ओल्या हातांनी धरू नका, पाने दुमडू नका. पण आमची एवढी काळजीही घेऊ नका, की आम्ही कोरीच राहू. आमचे ठळक वाक्य वाचून थांबू नका, पुढचे बारीक पानही वाचा. आम्ही सांगतो ते खरे आहे का, हे हातांनी करून पाहा. आम्ही चुकलो तर तसे समासात लिहा. ज्या पुस्तकाची पाने अशी झिजतात, ते म्हातारे होत नाही.